बायोटेकची पदवी : प्रवेश घेण्याआधीचा हिशेब

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मेळाव्याच्या पत्रकात आमच्या नावापुढे 'कापसाचा उत्पादनखर्च' असा विषय छापला आहे. तो आम्ही सोडणार नाही. पण त्या खर्चात एक रक्कम अशी आहे, की ती आपण कधी मांडतच नाही. नांगरट मांडतो, वखरणी मांडतो, बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचणी सगळे मांडतो. घरातल्या पोरापोरीच्या शिक्षणाचा पैसा मात्र मांडत नाही. तो जातो कापसाच्याच चुकाऱ्यातून. कापूस कमी पडला तर ज्वारी-कडब्यातून, तेही कमी पडले तर गोठ्यातून. आज आम्ही त्या एकाच रकमेबद्दल बोलणार आहोत.

कारण सांगतो. बारावीचा निकाल लागला, की आमच्याकडे माणसे येतात. पूर्वी ती पाने घेऊन यायची. हा लाल्या आहे का, हा मावा आहे का, असे विचारायची. आता ती माहितीपुस्तिका घेऊन येतात. गुळगुळीत कागद, वर काचेच्या नळ्या आणि पांढरा कोट घातलेली पोरगी. विचारतात, 'साहेब, मेडिकलला नंबर लागत नाही. कॉलेजवाले म्हणतात बी.एस्सी. बायोटेक करा, पुढचा काळ त्याचाच आहे. काय करायचे?' एकेकाला चहाच्या कपावर उत्तर देऊन झाले. आता सगळ्यांना मिळून देतो.

आधी नाव समजून घेऊ. बायोटेक्नॉलॉजी, मराठीत जैवतंत्रज्ञान. सजीवाकडून, किंवा सजीवाच्या एखाद्या भागाकडून, माणसाच्या उपयोगाचे काम करून घेणे एवढाच त्याचा अर्थ. आपली माय दुधाला विरजण लावते, तेव्हा ती जंतूंकडून काम करून घेते. तुरीच्या बियाण्याला आपण रायझोबियम चोळतो, तेही तेच. मग नवे काय? नवे एवढेच, की गेल्या पन्नास वर्षांत माणसाला सजीवाच्या आतली लिखापढी वाचता आली. प्रत्येक पेशीत डीएनए नावाचा लांब धागा असतो. त्या धाग्यावरचा एकेक मजकूर म्हणजे जनुक, ज्याला आपण जीन म्हणतो. कोणते जनुक काय काम करते हे कळले, ते कापता आले, आणि एका सजीवातले दुसऱ्यात बसवता आले.

त्याचे उदाहरण आपल्या बांधावरच आहे. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, मातीत राहणारा जंतू. १९०१ साली जपानमध्ये रेशीमकिडे मरू लागले, तेव्हा तो पहिल्यांदा सापडला. १९११ साली जर्मनीतल्या थुरिंजिया भागात तो पुन्हा सापडला आणि त्या भागाचे नाव त्याला चिकटले. हा जंतू एक प्रथिन तयार करतो. अळीच्या पोटात गेले की ते आतड्याला भोके पाडते, अळी खायची थांबते आणि मरते. माणसाच्या, बैलाच्या आतड्यात ते तसे काम करत नाही. त्या जंतूतले प्रथिनाचे जनुक काढून कपाशीत बसवले, आणि बीटी कापूस झाला.

२००२ सालच्या मार्च महिन्यात केंद्र सरकारच्या समितीने बीटी कापसाच्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. त्याच्या आदल्या वर्षी गुजरातमध्ये परवानगीशिवायच बीटीचे एक वाण शेतात सापडले होते. आम्ही तेव्हा कृषीच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला होतो. डवरणीची अंतरे, खताच्या मात्रा, किडींची लॅटिन नावे आम्हाला पाठ होती. जनुकाबद्दल मात्र एका विषयातला एक धडा, तोही परीक्षेच्या आदल्या रात्री वाचलेला. सुट्टीत गावी आलो तर पारावर माणसे विचारायची, 'अरे, तू कृषीचा ना? ह्या बीटीच्या सरकीची ढेप बैलाला चालते का? ह्याची सरकी पुढच्या वर्षी पेरता येते का? फवारणी पूर्ण बंद करायची का?' आम्ही गप्प बसलो. उत्तरे कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवरून मिळाली, आणि ज्याला माल विकायचा होता त्यानेच ती दिली.

त्या गप्प बसण्याची किंमत किती झाली, बघा. सुरुवातीच्या वर्षांत ४५० ग्रॅमचे पाकीट सोळाशे रुपयांच्या घरात होते आणि त्यातला मोठा वाटा त्या जनुकाच्या मालकीचा होता. २००६ साली आंध्र प्रदेश सरकार मक्तेदारी आयोगापुढे गेले, मग पाकीट साडेसातशेवर आले. बीटीने सुरुवातीला हिरव्या बोंडअळीची फवारणी कमी केली, हे आम्ही नाकारत नाही, तुम्हीही नाकारणार नाही. २००६ मध्ये दोन जनुकांचे, म्हणजे बीजी-२ वाण आले. पण पहिल्या जनुकाला शेंदरी बोंडअळी दाद देत नाही हे गुजरातमध्ये २०१० पर्यंत उघड झाले. पुढे ती दुसऱ्यालाही दाद देईना. २०१७ च्या हंगामात आपल्या जिल्ह्यांत काय झाले, ते ज्याने किडकी कवडी वेचली त्याला सांगायला नको.

आता हे बायोटेकच्या पदवीशी कसे जोडले आहे ते सांगतो, कारण ह्यातच त्या पदवीचा खरा उपयोग दिसतो.

पाकिटासोबत १२० ग्रॅमची साध्या सरकीची पुडी यायची, आठवते? शेताच्या कडेने लावा, असे छापलेले असायचे. आपण किती जणांनी लावली? हात वर करू नका, आम्हाला माहीत आहे. काहींनी ती बैलाला घातली, काहींनी फेकली. कुणी सांगितलेच नाही की ती कशासाठी. कारण असे : बीटी खाऊनही जगणारी अळी हजारोंत एखादी असते. तिचा पतंग जर साध्या कपाशीवर वाढलेल्या पतंगाशी जुळला, तर पिल्ले पुन्हा बीटीला बळी पडणारी निघतात. साधी कपाशीच नसली, तर वाचलेला पतंग वाचलेल्याशीच जुळतो आणि सगळे कुळच पचवणारे तयार होते. कडेच्या त्या ओळी कंपनीसाठी नव्हत्या, आपल्याच पुढच्या दहा वर्षांसाठी होत्या. आता बरेचदा साधी सरकी पाकिटातच मिसळून येते, ती ह्याच कारणाने.

दुसरी गोष्ट त्याहून बारीक आहे. आपण पेरतो ते संकरित बियाणे. बहुतेक वाणांत बीटीचे जनुक नर किंवा मादी, एकाच बाजूने आलेले असते. मग त्या झाडाच्या बोंडात जी सरकी भरते, ती सगळी सारखी नसते. एका जनुकाच्या वाणात ढोबळ हिशेबाने चार दाण्यांमागे तिघांत बीटी, एकात नाही. दोन जनुकांच्या वाणात सोळा दाण्यांमागे एकात दोन्ही नाहीत. शेंदरी बोंडअळी तर बोंडात शिरून सरकीच खाते. म्हणजे बीटीच्या झाडावर, बीटीच्या बोंडात, तिला बिनबीटीचे जेवणही मिळते आणि विषाची थोडी थोडी सवयही लागते. हा तिनास एकचा हिशेब मेंडेल नावाच्या धर्मगुरूने दीडशे वर्षांपूर्वी वाटाण्यावर मांडला. बी.एस्सी.च्या मुलांना तो पहिल्या-दुसऱ्या वर्षात शिकवतात. आपल्या गावात तो हिशेब येणारी चार पोरे २००२ साली असती, आणि ती पारावर बोलली असती, तर पुडी फेकण्याआधी आपण एकदा तरी विचार केला असता.

म्हणून आम्ही ह्या शिक्षणाला नावे ठेवणार नाही. पण शिक्षण वेगळे आणि त्याच्या नावाने मांडलेले दुकान वेगळे. आता दुकानाकडे येऊ.

केंद्र सरकारने १९८६ साली जैवतंत्रज्ञान विभाग सुरू केला. आपल्याकडे हे शिक्षण आधी एम.एस्सी.ला आले, नंतर बी.एस्सी.ला. पुढे तालुक्याच्या गावीही बी.एस्सी. बायोटेक उघडले. त्यातल्या बहुतेक तुकड्या विनाअनुदानित. म्हणजे कॉलेज अनुदानित असले, त्याच इमारतीत भौतिक-रसायनची बी.एस्सी. स्वस्तात होत असली, तरी बायोटेकची फी वेगळी आणि चढी. मास्तर बरेचदा तासिकेवर. हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

तीन वर्षांत शिकवतात काय? पेशीची रचना, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, आनुवंशिकी. मग रेणूंच्या पातळीवरचे जीवशास्त्र, रोगप्रतिकार, ऊतिसंवर्धन, किण्वन, संख्याशास्त्र, संगणकावर डीएनएचा मजकूर ताडून पाहणे. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणानंतर चौथे वर्ष करून ऑनर्स घेण्याची सोय आली. नीट लागत नाही. बारावी विज्ञान लागते, काही कॉलेजांत जीवशास्त्र असावेच लागते, काही गणितवाल्यांनाही घेतात.

पण हे शिक्षण हाताचे आहे. तिफण धरल्याशिवाय पेरणी येत नाही, तसे. मुलाच्या हातून कांद्याचा नाहीतर फुलकोबीचा डीएनए निघाला पाहिजे. जेलवर वीज सोडून त्याचे पट्टे वेगळे करून बघायला पाहिजेत. पीसीआर नावाचे यंत्र एका डीएनएच्या तुकड्याच्या कोट्यवधी प्रती काढते, ते त्याने स्वतः चालवले पाहिजे. १२१ अंशांवर भांडी निर्जंतुक करून, हवा गाळणाऱ्या कपाटात बसून, केळीचा कोंब बाटलीत वाढवला पाहिजे. त्याच्या दहा बाटल्या बुरशीने खराब झाल्या पाहिजेत, आणि का झाल्या ते त्याने वहीत लिहिले पाहिजे. हे झाले तर ती पदवी. नाहीतर तो नुसता कागद.

आमच्या माहितीतली एक गोष्ट. गाव सांगत नाही, कॉलेजही सांगत नाही. बापाने बैलजोडी विकली आणि पोराला बायोटेकला घातले. तिसऱ्या वर्षाला आम्ही काही कामाने त्या कॉलेजात गेलो, तर पोरगा भेटला. म्हटले, चल, तुझी प्रयोगशाळा दाखव. पीसीआरचे यंत्र होते. त्याच्यावरचे खोक्यातले प्लास्टिक तसेच होते. विचारले, हे चालवले का? म्हणाला, 'सर, तपासणीची कमिटी येते तेव्हा उघडतात.' मायक्रोपिपेट, म्हणजे थेंबाचाही बारीक भाग मोजून उचलायची नळी, वर्गात चाळीस मुले आणि नळ्या दोन. आकृती मात्र पोरगा झकास काढत होता. त्याच्या बापाने पुढचे दोन हंगाम दुसऱ्याचे बैल भाड्याने आणून शेत कसले. पोरगा आज शहरात औषधाच्या दुकानात आहे. तो नालायक नव्हता. त्याला कुणी हात लावू दिला नाही.

दुसरी गोष्टही सांगतो, नाहीतर एकाच बाजूचे बोलल्यासारखे होईल. ज्वारीच्या पट्ट्यातले घर, चार एकर कोरडवाहू. पोरगी बायोटेकला गेली. कॉलेज साधेच, पण एक बाई होत्या, त्या मुलांकडून सगळे करून घ्यायच्या. पोरगी पुढे एम.एस्सी. झाली आणि बियाणे तपासणीच्या कामाला लागली. एका ऑगस्टात ती सुट्टीला आली. बापाने कपाशी लावली होती, पाकीट गावात मोटारसायकलवर आलेल्या माणसाकडून घेतलेले. तिने बीटी तपासायच्या पट्ट्या आणल्या होत्या. पान चेचायचे, द्रावणात घालायचे, पट्टी बुडवायची, काही मिनिटांत रेघ येते. दोन रेघा आल्या तर पानात बीटीचे प्रथिन आहे. एकच वरची आली तर नाही. वरचीही आली नाही तर पट्टीच खराब, निकाल धरायचा नाही. ती वरची रेघ म्हणजे साक्षीदार.

बाप म्हणाला, एक झाड बघ आणि सांग. पोरगी म्हणाली, एका झाडावरून शेत सांगता येत नाही. तिने शेतात आडवेतिडवे फिरून चाळीस झाडांची पाने घेतली, प्रत्येकाला नंबर टाकला. सत्तावीस झाडांवर दोन रेघा आल्या, तेरा झाडांवर एकच. तिने बापाला समजावले : पाकिटात साधी सरकी मिसळलेली असते, म्हणून चाळीसात दोन-चार झाडे बिनबीटीची निघाली तर ते नियमातच आहे. तेरा निघाली, तर बियाण्यात भेसळ आहे.

बाप पंचायत समितीत गेला. तिथे पहिला प्रश्न आला, पावती? पावती नव्हती. पाकीट? चुलीत गेले होते. तक्रार तिथेच संपली. पोरीचे ज्ञान खरे, निकाल खरा, आणि हातात काही नाही. आम्ही ही गोष्ट मुद्दाम पुरी सांगतो. घरात शिकलेले माणूस असले तरी पावती लागते, पाकीट लागते, खूणचिठ्ठी लागते. पण त्या बापाने पुढच्या वर्षी दुकानातून पावती घेतली, पाकिटे फाडताना खालून फाडली आणि तुळईला बांधून ठेवली. गावातल्या इतरांनीही ठेवली. एका पोरीच्या चाळीस पानांनी एवढे झाले.

आता पदवीनंतर काय, ते सरळ सांगतो. नुसत्या बी.एस्सी.वर मोठी नोकरी मिळते असे कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. औषध आणि लस कारखान्यांत तपासणीचे काम, रोगनिदानाच्या प्रयोगशाळा, ऊतिसंवर्धनाची रोपे करणाऱ्या कंपन्या, जालन्यासारख्या ठिकाणी बियाणे कंपन्यांचे काम, ही दारे आहेत. पण तिथे बी.एस्सी.ला खालच्या पायरीवर उभे करतात. वर चढायला एम.एस्सी. लागते. म्हणजे हिशेब तीन वर्षांचा धरू नका, पाच वर्षांचा धरा. घराची ताकद पाच वर्षांची आहे का, ते आजच बघा. एम.एस्सी.साठी आयआयटीची जॅम नावाची परीक्षा आहे, तिच्यात बायोटेकचा वेगळा पेपर असतो. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने चालणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी गॅट-बी ही परीक्षा आहे, तिच्यातून प्रवेश मिळाला तर विद्यावेतनही मिळते. हुशार पोराने ही नावे पहिल्या वर्षीच भिंतीवर लिहून ठेवावीत.

आणखी एक घोटाळा आम्ही वारंवार पाहतो. लोक समजतात बायोटेक म्हणजे शेतीचीच पदवी. तसे नाही. बी.एस्सी. बायोटेक ही विज्ञान शाखेची पदवी, अमरावती, नागपूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर इथल्या नेहमीच्या विद्यापीठांची. कृषी खात्यातल्या जागांना कृषीची पदवी किंवा पदविका मागतात, तिथे ही चालत नाही. कृषी विद्यापीठांचा जैवतंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम वेगळा, चार वर्षांचा, प्रवेश सीईटीतून. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे त्याचे महाविद्यालय लातूरला आहे. पोराला शेतीतच राहायचे असेल तर आधी तिकडे बघा. मात्र कीटकनाशक विक्रीचा परवाना घ्यायचा असेल, तर केंद्राच्या नियमांत बायोटेकची पदवीही धरली आहे. गावात कृषी सेवा केंद्र टाकू म्हणणाऱ्याला हे माहीत असावे. आणि लोकसेवा आयोगाच्या ज्या परीक्षांना कोणतीही पदवी चालते, तिथे ही चालतेच. पण त्यासाठी चढी फी कशाला भरायची, हाही प्रश्न आहे.

म्हणून प्रवेश घेण्याआधी पाच गोष्टी करा. लिहून घ्या.

पहिली, चालू कॉलेजच्या दिवशी, न सांगता, प्रयोगशाळेत जा. रविवारी नाही, उद्घाटनाच्या दिवशी नाही. यंत्रे चालू आहेत का, मुले हात लावतात का, ते बघा. तुम्हाला यंत्राचे नाव कळले नाही तरी चालेल. वापरातले अवजार आणि पडून असलेले अवजार ह्यातला फरक शेतकऱ्याला सांगावा लागत नाही.

दुसरी, तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलांना बाहेर चहाला बोलवा आणि त्यांची प्रयोगवही बघा. सगळ्यांच्या वहीत एकच आकडे असतील, तर प्रयोग झालेला नाही. खरा प्रयोग कधीतरी फसतो, आणि वहीत ते फसणे दिसते.

तिसरी, मागच्या तीन वर्षांत इथून किती मुले एम.एस्सी.ला गेली आणि कुठे गेली, ते विचारा. मोघम उत्तर आले तर उठा.

चौथी, फी अनुदानित की विनाअनुदानित, प्रयोगशाळेचे पैसे वेगळे का, आणि शिष्यवृत्तीच्या सरकारी यादीत ह्या कॉलेजचा हा अभ्यासक्रम आहे का, हे लेखी घ्या. तोंडी शब्दावर बैल विकू नका.

पाचवी, पोराला किंवा पोरीला विचारा, की तुला हे आवडते का. मेडिकल हुकले म्हणून बायोटेक, हे कारण पुरत नाही. ज्याला बारावीत आनुवंशिकीची गणिते सोडवताना वेळेचे भान राहत नाही, त्याच्यासाठी आहे हे. इंग्रजीची भीती बाळगू नका, ती सहा महिन्यांत जाते. साधी बी.एस्सी. रसायन किंवा वनस्पतिशास्त्र घेऊन, कमी खर्चात, पुढे एम.एस्सी.ला बायोटेककडे वळण्याची वाटही पुष्कळ विद्यापीठांत आहे. तीही विचारून घ्या.

आता शेवटचा मुद्दा. कुणी म्हणेल, आपली पोरे शिकून शहरात जाणार, कंपनीत लागणार, त्यात कोरडवाहू शेतकऱ्याचा काय फायदा? ह्याला एका बियाण्याची हकिकत हेच आमचे उत्तर.

नागपूरला आपली केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. ह्या संस्थेने धारवाडचे कृषी विद्यापीठ आणि दिल्लीच्या सरकारी शास्त्रज्ञांबरोबर एक बीटी कापूस काढला, बिकानेरी नर्मा बीटी. तो संकरित नव्हता, सरळ वाण होता. म्हणजे घरची सरकी ठेवून पुढच्या वर्षी पेरता आली असती. २००८ साली त्याला परवानगी मिळाली, २००९ साली बियाणे शेतकऱ्यांच्या हातात आले आणि त्याच वर्षी ते थांबवावे लागले. त्या बियाण्यात खाजगी कंपनीच्या बीटीचा अंश सापडला होता. चौकशी समिती बसली, २०१२ साली अहवाल आला, त्यातही तेच निघाले. सरकारी पैशाचे, पुन्हा पेरता येणारे बीटी वाण आपल्या हातात येऊन गेले. ती मिसळ पकडणारी चाचणी पीसीआरचीच असते. बी.एस्सी.ला शिकवतात तेच तंत्र. चाचणी साधी, पण ती प्रत्येक पायरीला, वही ठेवून, कुणाची भीड न धरता करणारा माणूस लागतो. असली माणसे कुठून यायची? ज्याच्या घरी सरकी फसल्याचे दुःख माहीत आहे, त्या घरातून आली तर बरे.

पुढे आणखी येणार आहे. २०२२ साली केंद्राने जनुकसंपादनाच्या काही प्रकारांना जुन्या नियमांतून सूट दिली. ह्यात बाहेरचे जनुक न आणता, पिकाच्या स्वतःच्याच मजकुरात बारीक दुरुस्ती करतात. २०२५ च्या मे महिन्यात तशा भाताची दोन वाणे जाहीर झाली. ज्वारीचा पूर्ण डीएनए २००९ साली वाचून झाला आहे. दाणा भरताना पाणी तुटले तरी पान हिरवे ठेवणारे गुण ज्वारीत आहेत. ते कुठल्या भागात बसतात हे शास्त्रज्ञांनी शोधले, आणि हैदराबादजवळच्या इक्रिसॅटमध्ये ते आपल्या रब्बी ज्वारीत आणण्याचे काम झाले. मालदांडीवर जगणाऱ्या माणसाला ह्याचे मोल वेगळे सांगायला नको. पण कापसाला जेवढा पैसा लागला तेवढा ज्वारीला लागत नाही, कारण ज्वारीचे बियाणे घरचे असते आणि त्यात विकणाऱ्याला नफा कमी. ते काम करायचे तर ज्वारी खाणाऱ्या घरातलेच कुणी त्या टेबलावर बसलेले असावे लागेल.

तेव्हा ह्या मेळाव्यापुढे आमची दोन कामे आहेत. एक, प्रत्येक तालुक्याने आपल्या गावांतली विज्ञान शिकलेली पोरेपोरी मोजावी. बायोटेक, सूक्ष्मजीव, रसायन, कृषी, सगळी. नावे वहीत लिहावीत आणि पेरणीआधीच्या बैठकीला त्यांना बोलवावे. भाषणाला नाही, आपले प्रश्न ऐकायला. दोन, ज्या तालुक्यात बायोटेकचे कॉलेज आहे, तिथल्या प्राचार्यांकडे शिष्टमंडळ न्यावे. मागणी एवढीच, की खरीपात तुमच्या मुलांनी आमच्या शेतातली पाने तपासावीत, पट्ट्यांचा खर्च गाव देईल. मुलांचा प्रयोग होईल, आम्हाला बियाणे कळेल, आणि यंत्रावरचे प्लास्टिक निघेल. सरकारी प्रयोगशाळेच्या निकालाची जागा तो निकाल घेणार नाही. पण तक्रार करायची की नाही, हे त्यावरून ठरवता येईल. पावत्या आणि पाकिटे मात्र आजपासून तुळईला बांधा.

मागे उभ्या असलेल्या पोरांनो, तुमच्यासाठी एकच. शिकायला जा, पण कापूस वेचताना आईची बोटे कशी फाटतात ते विसरून जाऊ नका. जे शिकाल ते सुट्टीत पारावर बसून मराठीत सांगून बघा. गावातल्या म्हाताऱ्याला समजले, तर तुम्हाला ते आले. आम्हाला २००२ साली सांगता आले नाही. तुम्ही सांगा.

उत्पादनखर्चाचा तक्ता आता वाटला जाईल. त्यात तळाला एक रिकामी ओळ ठेवली आहे, ती घरच्या शिक्षणाची. घरी गेल्यावर भरा, आणि पुढच्या बैठकीला घेऊन या.